सासूबाई म्हणतात, हा कसला कालपरवाचा सण!

प्रश्न : ताई, आम्ही अटलांटाला राहतो. लेकीच्या मैत्रिणीच्या घरून ३१ डिसेंबरला क्वांझाच्या जेवणाचं बोलावणं आलंय, कृष्णवर्णीय कुटुंब आहे, आजी-आजोबा, मावश्या सगळे जमतात. पूर्वजांची नावं घेऊन पाणी सोडतात म्हणे. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांनी मोबाईलवर वाचलं की हा सण १९६६ ला काढलाय, तेव्हापासून कालपरवाचा सण म्हणून नाक मुरडतायत. जावं का? काय न्यावं? आणि आम्हालाच नाव घ्यायला सांगितलं तर?

उत्तर : अगं जायचंच, आणि सासूबाईंना घेऊनच जा.

त्या म्हणतात ते खोटं नाही हं. १९६५ ला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीयांचा मोठा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षी मौलाना करेंगा या कार्यकर्त्याने हा सण ठरवून सुरू केला, 'मातुंडा या क्वांझा' म्हणजे स्वाहिलीत हंगामाची पहिली फळं, त्यावरून नाव. पण सार्वजनिक गणपती तरी कधीचा? तोही १८९० नंतर कोणीतरी ठरवूनच रस्त्यावर आणला ना. हळूच विचारा त्यांना, मी सांगितलं म्हणू नका.

आता ह्या लोकांना सण नव्याने का काढावा लागला ते बघ. आपण त्र्यंबकेश्वरला गेलो की भटजी वही काढतात आणि पणजोबांच्या वडलांपर्यंत नावं सापडतात. इथे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती, मालकाचं नाव लिहायचे आणि त्याच्याखाली माणसांचं नुसतं वय, स्त्री की पुरुष आणि रंग, नाव जवळजवळ कुठेच नाही. सगळ्यांची नावं आली ती गुलामी संपल्यावर, १८७० ला, त्यामुळे आपलं घराणं शोधणारे मागे मागे जात १८७० ला येऊन थडकतात, भिंतच म्हणतात तिला. माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याने आडनावाच्या जागी एक्स लावला तो ह्याचसाठी, मूळ आडनाव ठाऊकच नाही तर लावणार काय! मग पूर्वज म्हणजे फक्त रक्ताचे असं राहत नाही, हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, म्हणजे स्वतः गुलामीतून निसटून इतरांच्या सुटकेसाठी लढलेली माणसं, सगळे घरचेच होतात, पाणी सोडताना पणजीच्या बरोबरीने त्यांची नावं येतात.

बाकी तिथे चटई अंथरलेली असेल, तिच्यावर सात मेणबत्त्यांचं स्टँड, मधली काळी, एका बाजूला तीन लाल, दुसरीकडे तीन हिरव्या. हे रंग मार्कस गार्वी या कृष्णवर्णीय नेत्याच्या चळवळीने १९२० ला झेंड्यासाठी घेतले होते. सात दिवस, रोज एक तत्त्व. दारातच कोणीतरी 'हबारी गानी?' विचारेल, म्हणजे काय खबर, आणि ती हबारी आणि आपली खबर दोन्ही एकाच अरबी शब्दाच्या लेकी! उत्तरात त्या दिवसाचं तत्त्व सांगायचं, ३१ ला सहावा दिवस म्हणून 'कुउंबा', म्हणजे काही नवं घडवणं. शेवटच्या दिवसाचं इमानी, ते तर तुम्हाला न सांगता कळेल.

कुउंबाचा दिवस म्हटल्यावर दुकानातली मिठाई नको, घरची पुरणपोळी ने, फक्त फोन करून विचार कोणाला काय चालत नाही ते. पोरांना पुस्तक दे, क्वांझाच्या भेटीत पुस्तक असतंच. आणि प्लीज, ह्याला काळ्यांचा ख्रिसमस म्हणू नका, बरीच घरं दोन्ही करतात आणि कित्येक कृष्णवर्णीय घरं क्वांझा करतच नाहीत.

नाव घ्यायची वेळ आली तर तुझ्या आजीचं घे, मराठीतच. सासूबाईंना घ्यायचं असेल तर जोतिबा फुल्यांचं घेऊ देत आणि तू इंग्रजीत सांग की ह्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना सोडवायला झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, बघ मग आजोबा खुर्ची पुढे ओढतात की नाही.

चटईवर मक्याची कणसं दिसतील, घरातल्या मुलांमागे एकेक. कणसाला म्हणतात मुहिंदी, आणि स्वाहिलीत हिंदी माणसालाही मुहिंदीच म्हणतात, हे लेकीला आधी सांगून ठेव, नाहीतर तिथे हसत सुटेल.