वादळी ढग समोर आला की विमान कुठून न्यायचं हे पायलट ठरवतो की एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण)?

तुमच्या कॅप्टनने घोषणा केली की "एटीसीने वळायची परवानगी दिली नाही म्हणून हादरे बसले", आणि तुम्ही विचारताय की ढगातून जायचा निर्णय एटीसीचा असतो का. नसतो. ढगात शिरायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो. पण या वाक्यावरून मी अर्धं आयुष्य भांडत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बरीच वर्षं मी एरिया कंट्रोलला, म्हणजे उंचावरून जाणारी विमानं सांभाळणाऱ्या विभागात, कंट्रोलर होते.

मुळात कंट्रोलरला तो ढग धड दिसतच नाही. आमच्या स्क्रीनवर दिसतं ते विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचं (रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राचं) उत्तर: कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), उंची, वेग. पाऊस आमच्या रडारमधून गाळून टाकलेला असतो, कारण त्याच्या गर्दीत विमानं हरवतील. काही ठिकाणी हवामानाचं चित्र स्क्रीनवर चढवतात, पण ते काही मिनिटं जुनं असतं आणि वाढता सीबी (क्युम्युलोनिंबस, म्हणजे वादळी ढग) तेवढ्या वेळात हजारो फूट वर जातो. पायलटचं उलटं. त्याला विमानातल्या रडारवर ढग शंभर मैलांहूनही लांबून दिसतो. आसपासची विमानं टीकॅसवर (टक्कर टाळायच्या यंत्रणेवर) दिसतात, पण ती पुढे कुठे वळणार आहेत ते फक्त मला माहीत असतं.

एका दुपारी माझ्या सेक्टरमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या आकाशाच्या तुकड्यात, सीबींची सलग रांग उभी होती. पुढे गेलेल्या विमानाने शंभर मैल आधीच वीस मैल डावीकडे मागितले, मी दिले, ते निवांत निघून गेलं. त्याच्या मागच्याने मागितले तेव्हा ढग त्याच्यापासून चाळीस मैलांवर होता. जेट मिनिटाला आठ मैल जातं, म्हणजे हातात पाच मिनिटं. आणि त्याच्या डावीकडच्या समांतर मार्गावर, त्याच लेव्हलला, तीन-पाच-शून्यवर (म्हणजे 35,000 फुटांवर), दुसरं विमान होतं. तेही त्याच रांगेतला दुसरा ढग टाळायला उजवीकडे सरकत होतं. दोघं एकमेकांकडेच येत होते. आम्हाला आडवं पाच मैल किंवा उभं 1000 फूट अंतर राखावंच लागतं.

मी म्हटलं, "अनेबल लेफ्ट ड्यू ट्रॅफिक, राइट अ‍ॅप्रूव्ह्ड", म्हणजे डावीकडे विमान आहे म्हणून जमणार नाही, उजवीकडे परवानगी आहे. तो म्हणाला, उजवीकडे जमणार नाही. त्याचं बरोबर होतं. ती ढगाची वाऱ्याखालची (वारा ज्या दिशेला वाहतो ती) बाजू होती आणि ढगाच्या पसरलेल्या माथ्याखाली त्या बाजूला गारा बाहेर फेकल्या जातात. त्याला 1000 फूट खाली आणावं, तर 340वर समोरून विमान येत होतं. उरला एकच मार्ग: दुसऱ्याला 360वर चढवायचं. पण ती समोरून येणाऱ्यांची लेव्हल, म्हणून पुढच्या सेक्टरला फोन करून विचारावं लागलं. फ्रीक्वेन्सीवर तर सगळेच वळण मागत होते, दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी. दुसरं 350 सोडून 1000 फूट वर गेल्याचं दिसलं त्या क्षणी मी याला डावीकडे सोडलं. ढगाची कड त्याला लागलीच. त्यानेही आत तुमच्या कॅप्टनसारखीच घोषणा केली असणार.

माझा एक जुना मित्र कॅप्टन आहे. तो अजूनही म्हणतो, "मागितलं की द्यायचं, एवढंच तुमचं काम." मी त्याला दर वेळी एकच विचारते: तुला ढग शंभर मैलांवर दिसला, मग चाळीसवर का बोललास? त्याचं उत्तर ठरलेलं, आधी बघतो, कदाचित मधून फट सापडेल.

हीच फट शोधणं धोक्याचं. 4 एप्रिल 1977 ला अमेरिकेत साउदर्न एअरवेजचं फ्लाइट 242 हे डीसी-9 जेट जोरदार वादळात शिरलं, पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते जॉर्जियातल्या न्यू होप गावात रस्त्यावर उतरवावं लागलं. बहुतेक प्रवासी वाचले नाहीत. जवळचा मुसळधार पाऊस रडारची लहर शोषून घेतो, त्यामुळे त्याच्या पलीकडे काहीच नाही असं स्क्रीनवर वाटतं. वाट काढायला कॅप्टनने विमानातल्या रडारवर ठेवलेला भरवसा तपास अहवालाने कारणांत धरला. हवामानाची ताजी माहिती वैमानिकांपर्यंत वेळेत न पोचवणारी एटीसीची व्यवस्थाही धरली. दोन्ही बाजू. म्हणूनच जोरदार ढगापासून निदान वीस मैल लांब राहा असं वैमानिकांना शिकवतात. वरूनही जाता येत नाही, उष्ण कटिबंधात माथा 50,000 फुटांवर जाऊ शकतो.

आमच्यातही काही जण "अनेबल" म्हणून गप्प बसतात, ते चूकच. दुसरी बाजू, दुसरी लेव्हल किंवा "दोन मिनिटांत देते" एवढं तरी सांगायलाच हवं. आणि मी हे सगळं रडारच्या नजरेतल्या, उंचावरच्या उड्डाणाबद्दल लिहितेय. उतरताना धोका वेगळा, तिथे ढगातून खाली आदळणारा वारा मारतो. 1985 मध्ये डॅलसला डेल्टा एअरलाइन्सचं फ्लाइट 191 तसंच पडलं.

मित्राचं शेवटचं अस्त्र असतं, "जीवावर आलं तर मी परवानगीशिवाय वळेन." वळायलाच हवं, तो हक्क कॅप्टनचा आहे. समुद्रावर तर त्याची पद्धत लिहून ठेवलेली आहे: "वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड" (हवामानामुळे वळणं गरजेचं) म्हणायचं, की तुम्हाला प्राधान्य मिळतं. तरीही परवानगी मिळाली नाही, तर आसपासच्या विमानांना रेडिओवर सांगायचं, दिवे लावायचे आणि पाच मैलांपेक्षा जास्त सरकताना 300 फूट वर किंवा खाली व्हायचं. म्हणजे तिथेही न बोलता वळायचं नाहीच. मित्रा, वाचत असशील तर: कुठल्या बाजूला, किती मैल आणि कधीपासून, एवढंच शंभर मैल आधी सांग. बाजूच्या विमानाला वर घ्यायला कंट्रोलरला तेवढं पुरतं.