ऑर्किडच्या कुंडीतील बारीक काळ्या माश्या: औषध बदलण्याआधी साल तपासा

प्रश्न असा आला आहे: कुंडीतल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडला पाणी घातले की सालीतून (कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांतून) बारीक काळ्या माश्या उठतात. कीटकनाशक दोनदा फवारले. दोन-चार दिवस माश्या कमी दिसतात, मग पुन्हा तितक्याच. खालची पाने मऊ पडत चालली आहेत. आता कोणते औषध मारावे? याच किडीबद्दल आणखी दोन शेतकऱ्यांनी विचारले आहे. एकाची मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या मऊ वनस्पतीत) लावलेली लहान रोपे एकेक करून कोलमडून बसत आहेत. दुसऱ्यांना दालचिनीची पूड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे का, हे हवे आहे. तिघांनाही मिळून उत्तर देतो.

आधी फवारणी थांबवा. उडताना दिसते ती या किडीची, म्हणजे बुरशीमाशीची, शेवटची अवस्था. ही माशी झाडाचे काही खात नाही, माणसाला चावत नाही आणि आठवडा-दहा दिवसांत मरते. पण तेवढ्या दिवसांत एक मादी ओलसर माध्यमात १०० ते २०० अंडी घालून जाते. तुमचा फवारा पानांवर बसला, अळ्या मात्र सालीच्या आत सुखरूप राहिल्या. २४ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर अंड्यापासून माशी व्हायला साधारण अडीच आठवडे लागतात, आणि एकाच कुंडीत अंडी, अळ्या, कोष, माश्या सगळे एका वेळी असते. म्हणून आज माश्या मेल्या तरी चार दिवसांनी कोषातून नव्या निघतात.

कीड तीच आहे ना, याची खात्री करून घ्या. फंगस नॅट म्हणजे बुरशीमाशी २ ते ४ मिलिमीटरची, सडपातळ आणि लांब पायांची असते. उडण्यात ती कमजोर, सालीवरून तुरुतुरु धावते जास्त. अंगाने जाडसर, आखूड मिशांची आणि पंखांवर फिकट ठिपके असलेली माशी दिसली तर ती शेवाळावर जगणारी दुसरी जात आहे, ती मुळांच्या वाटेला जात नाही. पाण्यात वर तरंगून टुणटुण उड्या मारणारे पांढरे बारीक किडेही निरुपद्रवी आहेत. अळीची परीक्षा सोपी आहे. कच्च्या बटाट्याची सोललेली चकती सालीत थोडी दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. पारदर्शक पांढरे शरीर आणि काळे चकचकीत डोके असलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर निदान पक्के.

आता मूळ मुद्दा. या अळ्यांचे आवडते खाणे म्हणजे बुरशी, शेवाळ आणि कुजलेला पाला-लाकूड. ताज्या, कडक सालीत त्यांना खायला फारसे मिळतच नाही. साल दीड-दोन वर्षांत कुजून भुग्यासारखी होते, पाणी धरून ठेवते आणि मुळांची हवा तुटते. अशी कुंडी माशीला बरोबर सापडते. जमिनीत आपण वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा तोल, सांभाळतो, तसाच तो कुंडीतल्या सालीतही सांभाळावा लागतो. ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते, पण नंतर त्याला वारा लागलाच पाहिजे. म्हणून तुमची पाने मऊ पडली ती बहुधा मूळकुजीमुळे, आणि माश्या मागून आल्या असाव्यात. अळ्यांची संख्या वाढली की त्या मुळांची कोवळी टोके कुरतडतात आणि कुजीचे रोग एका मुळावरून दुसऱ्यावर नेतात. पण सुरुवात पाण्याने झालेली असते.

तेव्हा झाड कुंडीतून बाहेर काढाच. यात कुचराई करू नका. दाबल्यावर टणक लागते ते मूळ जिवंत, मग त्याचा रंग पांढरा असो, हिरवा असो वा पिवळसर. पिचकते, किंवा ओढल्यावर आवरण निघून आत नुसता दोरा उरतो, ते मेलेले. मेलेली मुळे आचेवर तापवून घेतलेल्या कात्रीने काढा आणि प्रत्येक झाडानंतर कात्री पुन्हा तापवा. जुनी साल पूर्ण झटका. "थोडी चांगली दिसते, राहू द्या" असे करू नका, अंडी तिच्यातच असतात. ती साल पिशवीत बंद करून टाका, दुसऱ्या कुंड्यांशेजारी ओतू नका. नवी साल भिजवून, निथळून भरा. कुंडी मुळांच्या पसाऱ्याएवढीच घ्या, मोठी कुंडी मधल्या भागात वाळत नाही. मुळांच्या जखमा सुकाव्यात म्हणून तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

पुढे पाण्याचा अंदाज बोटाने घ्या. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा झाला आणि मुळे हिरवी होती ती चंदेरी दिसू लागली, की पाणी द्या. भरपूर द्या, पूर्ण निथळू द्या आणि ताटलीत साचलेले ओतून टाका. मात्र पाण्याचा ताण किती द्यायचा हे जातीवर ठरते. डेंड्रोबियम आणि कॅटलियाच्या फुगीर खोडात पाण्याचा साठा असतो, ती ताण सोसतात. फॅलेनॉप्सिस आणि पॅफिओपेडिलममध्ये असा साठा नाही. त्यांना अळ्या मारण्यासाठी आठवडेच्या आठवडे कोरडे ठेवाल तर झाड आधी जाईल. शेणखताचे पाणी किंवा इतर सेंद्रिय खत या काळात कुंडीत अजिबात घालू नका. ते बुरशीचे आणि पर्यायाने अळ्यांचे खाद्य आहे.

अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूची आळवणी करा, म्हणजे तो पाण्यात मिसळून कुंडीत ओता. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच हा जिवाणू. नावातला शेवटचा शब्द नीट वाचून घ्या, कारण पाने खाणाऱ्या अळीसाठी मिळतो तो कुर्स्टाकी, त्याचा इथे उपयोग नाही. लेबलवरील मात्रेने, साल पूर्ण भिजेल अशी आळवणी करा आणि दर पाच ते सात दिवसांनी, एकूण चार वेळा. अळीने तो खाल्ला तरच ती मरते, अंडी आणि कोषावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणूनच एक आळवणी करून थांबणाऱ्यांच्या कुंडीत माश्या परत येतात. सोबत पिवळे चिकट सापळे सालीलगत आडवे ठेवा. त्यांनी कीड संपणार नाही, पण दर आठवड्याला चिकटलेल्या माश्या मोजल्या की उपाय लागू पडतो आहे का ते कळेल.

दालचिनीबद्दल: पानाच्या किंवा खोडाच्या कापलेल्या भागावर ती चालते. मुळांवर टाकू नका, आवरण वाळून मूळ मरते. पेरॉक्साइड संपर्कात आलेली अळी मारतो, पण लगेच पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपतो. तीव्र द्रावणाने मुळांची टोके भाजतात, म्हणून मी तो सुचवत नाही. वाळूचा थर काही जण घालतात, तो तर ऑर्किडमध्ये नकोच. सालीतल्या पोकळ्या बुजतात.

रोपांच्या प्रश्नाला मी सर्वांत निकडीचे मानतो. मोठे झाड काही मुळे गमावून तगते, पण रोपाची दोन-तीनच मुळे, ती कुरतडली की रोप संपते. मॉस दाबून भरले असेल तर आजच काढून सैल भरा. रोपांना कोरडे ठेवता येत नाही, त्यामुळे इथे जिवाणूच्या आळवणीबरोबर स्टाइनरनेमा फेल्टी हे मित्र सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) उपयोगी पडतात. माध्यम ओलसर असताना संध्याकाळी द्या. माध्यमाचे तापमान १५ ते २५ अंश असावे, ३० च्या पुढे ते टिकत नाहीत. बसलेली रोपे त्याच ट्रेमध्ये ठेवू नका. आणि नवी रोपे आणली की महिनाभर वेगळी ठेवा, शेजारी एक चिकट सापळा लावून. माशीची एक पिढी तेवढ्यात उघड होते.