वाचकांचे प्रश्न : तापणारा स्लॅब आणि दमट हवेतला कूलर

प्रश्न : गुहागरजवळ आमचं एकमजली स्लॅबचं घर आहे. नागपूरच्या नातेवाइकांकडे कूलरने खोली गार होते, म्हणून आम्हीही घेतला. इथे मात्र घामच जास्त येतो. कूलर बिघडलाय का?

उत्तर : कूलर ठीक आहे, हवा वेगळी आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, एवढ्यावरच तो चालतो. नागपुरात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २७ अंशांच्या आसपास हवा देतो. तुमच्याकडे ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर जेमतेम २९. शिवाय खोलीत दमटपणा भरतो, घाम वाळत नाही. ओला वाळ्याचा पडदाही इथे त्याच कारणाने नको.

तुमचं घर तापवतो तो स्लॅब. दिवसभराचं ऊन पोटात साठवून तो रात्री खाली सोडतो. झोपताना पंखा बंद करून छताला तळवा लावून पाहा, कोमट लागेल. तेव्हा आधी खर्च गच्चीवर करा, आणि सर्वांत स्वस्त इलाज चुन्याचा. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवा, किलोला ५ लिटर पाणी. चुना उकळतो, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा हवाच, मुलांना लांब ठेवा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो. २४ तासांनी जाड कापडातून गाळा आणि लिटरला ४ ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. गच्चीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढा, गच्ची धुवा, ओलसर असतानाच पहिला हात द्या. तो वाळला की दुसरा हात आडवा. ओला चुना पारदर्शक दिसतो, म्हणून लोक जाड थापतात आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. पातळच द्या, वाळल्यावर पांढरा होतो. हाताला पांढरं लागत राहिलं तर डिंक कमी पडला असं समजा. पावसाळ्यात बराचसा धुपतो, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो.

पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद करू नका, खारा वारा तिकडूनच येतो. ऊन अडवायचं तर बाहेरून, माडाची विणलेली झापं हातभर पुढे टांगून. आतला पडदा उपयोगाचा नाही. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदाच तापतो.

प्रश्न : पंखे दिवसरात्र चालतात. बीएलडीसी (ब्रशविना मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा परवडेल का?

उत्तर : रोज १५ तास चालणाऱ्या खोलीत जरूर घ्या. साधा पंखा ७५ वॉटचा, हा साधारण ३० वॉटचा. महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीत मात्र जुनाच राहू द्या. तो मंद फिरत असेल तर आधी कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) बदलून बघा. आणि खोलीत कोणी नसेल तर पंखा बंद करा: तो अंगावरचा घाम वाळवतो, खोली गार करत नाही.