अमॅरिलिसचे कंद दरवर्षी काढावेत का?

तुम्ही विचारलंय की अमॅरिलिसला दोन वर्षं नुसती पानंच येतायत, तर निशिगंधासारखे त्याचेही कंद काढून थंड जागी ठेवावेत का. नका काढू. याच सल्ल्यापायी माझी पाच वर्षं वाया गेली.

माझी ताई कडाक्याच्या थंडीच्या मुलखात राहते. तिथे डेलियाची पानं पहिल्या हिमातच काळी पडतात, मग ती कंद काढून कोरड्या भुशात ठेवते. तिच्या जागी ते बरोबरच आहे. गोठलेला कंद वितळला की आत नुसता चिखल होतो. पण तिने तेच मला अमॅरिलिससाठी सांगितलं, आणि माझ्याकडे पाणी कधीच गोठत नाही. तरी ताईचा शब्द म्हणून मी अकरा कंदांची हिरवीगार पानं बुडापासून कापली, कंद उपटले आणि फ्रीजमध्ये ठेवले. पुढच्या हंगामात एकही दांडा नाही. ताई म्हणाली, थंडी कमी पडली, आणखी ठेव. दुसऱ्या वर्षी मुठीएवढे कंद लिंबाएवढे झाले. तिसऱ्या वर्षी दोन सडले. मग मी कुणाचंही ऐकायचं सोडलं आणि उरलेल्यांना हातच लावला नाही. दोन वर्षांनी नऊपैकी सात फुलले. ताई अजून याला योगायोग म्हणते. सात कंद योगायोगाने फुलत नाहीत.

पुढच्या फुलाची कळी कंदाच्या पोटात पानं वाढत असतानाच धरते, साधारण चार पानांमागे एक. पानं कापली की कंद उपाशी. शिवाय आपण ज्याला अमॅरिलिस म्हणतो ते खरं तर हिप्पेस्ट्रम, दक्षिण अमेरिकेतलं. ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे थंडी लागते, याला नाही. याला हवी कोरडी विश्रांती, आणि लोक दोन्हींत गल्लत करतात.

तुमचे कंद बहुधा उपाशी आहेत. फूल गेल्यावर फक्त दांडा कापा. पानांना भरपूर ऊन द्या, वाढीच्या काळात पालाश (पोटॅशियम) असलेलं खत द्या. पानं पिवळी पडू लागली की ८ ते १० आठवडे पाणी बंद. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहू द्या.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. पाणी गोठत असेल तर ताईचं अर्धं खरं: कुंडी आत घ्या, पण कंद उपटू नका. चिकण मातीत पाणी साचत असेल तर मात्र जमिनीतले कंद काढा, नाहीतर कुजतील. आणि निशिगंधाचा एकदा फुललेला कंद परत फुलत नाही, बाजूची पिल्लं मोठी होऊन फुलतात. तिथे कंद काढून पिल्लं सोडवायला माझी कधीच हरकत नव्हती. ताईला हे मी तेव्हाही सांगितलं होतं.