डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं हलताना दिसतात. रंगीत काचांचा चष्मा द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला डिस्लेक्सिया (वाचायला शिकण्यातली अडचण) आहे, डोळे तपासून नंबर निघाला नाही, तरी अक्षरं हलतात म्हणतो आणि कुणीतरी रंगीत काचा सुचवल्या आहेत. माझं स्पष्ट मत: घेऊ नका. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवते. या चष्म्यापायी पैसे जातात ते जातात, पण शिकण्याचं एक अख्खं वर्ष वाया जातं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांना शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच एकत्रितपणे सांगितलं आहे.

पण मुलगा खोटं बोलत नाहीये, हे आधी मनात पक्कं करा. अक्षर पटकन ओळखू आलं नाही की नजर तिथेच घुटमळते, मागे जाते, ओळ सुटते. बरेचदा मूल त्यालाच 'हलतात' म्हणतं.

माझ्याकडची एक मुलगी 'पिशवी'वर बोट ठेवून थांबायची. 'पि'ची पहिली वेलांटी लिहितात आधी आणि उच्चारतात नंतर, तिथे तिचा घोळ व्हायचा. चित्रांतले बारीक फरक मात्र ती माझ्याआधी शोधायची. एकदा पुस्तक मिटून विचारलं, 'पिशवी'तला 'पि' काढला तर काय उरतं? तिला सांगता येईना. डोळ्यांपुढे अक्षरच नव्हतं, तरी ती अडली होती. म्हणजे तिची अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात होती.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूत हालचाल टिपणारा भाग कमी सक्रिय दिसतो, हे खरं आहे. दोष नजरेत असावा हा तर्क त्यावरूनही आला. पण २०१३ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी या मुलांची तुलना तेवढंच वाचता येणाऱ्या लहान मुलांशी केली, तेव्हा फरक उरला नाही. शिवाय ध्वनींवर भर देऊन वाचन शिकवल्यावर तोच भाग जास्त सक्रिय झाला. म्हणजे तो फरक वाचन कमी झाल्याचा परिणाम होता.

नजरेला थोडी मदत जरूर करा. अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली इटालियन आणि फ्रेंच मुलं सरावाशिवायही जलद आणि कमी चुका करत वाचू लागली, असं २०१२ च्या अभ्यासात दिसलं. आपल्या लिपीत तसं केलं तर शिरोरेषा तुटते, म्हणून मी शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवून छापते. ओळीखाली पट्टी धरू द्या. बाकी भर आवाजांवर: रोज दहा-पंधरा मिनिटं शब्द फोडायचे, जोडायचे, मग तेच शब्द लिहून वाचायचे. हे शिकवणारे विशेष शिक्षक असतात. चष्म्याचे पैसे तिकडे वळवा.