मोठ्या दुर्घटनेच्या वेळी रुग्णालयातील परिचारिका नेमके काय करतात?

बॉम्बस्फोट किंवा रेल्वे अपघातासारख्या प्रसंगी परिचारिका डॉक्टरांना मदत करण्यापलीकडे काही करतात का, असे आपण विचारले आहे. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात मी अनेक वर्षे परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, होते. त्या अनुभवावरून लिहिते.

जखमी दाराशी येण्याआधीच आमची धावपळ सुरू होते. वार्ता कळताच मेट्रन, म्हणजे सर्व परिचारिकांच्या प्रमुख, प्रत्येक वॉर्डला विचारतात, किती खाटा रिकाम्या होतील? कोणाला घरी सोडता येईल, कोणाला खाली गादीवर हलवता येईल आणि कोणाचा ऑक्सिजन काढून मुळीच चालणार नाही, हे राउंडपुरत्या येणाऱ्या डॉक्टरांपेक्षा सिस्टरला अधिक नेमके ठाऊक असते. सही अर्थात डॉक्टरांचीच.

जखमींची लाल (तातडीचे), पिवळा (थोडा वेळ थांबू शकणारे), हिरवा (किरकोळ) आणि काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेले) अशी वर्गवारी करतात. अडचण अशी, की चालू शकणारे किरकोळ जखमी बहुधा आधी पोहोचून कॅज्युअल्टी व्यापून टाकतात आणि खरे अत्यवस्थ मागाहून येतात. म्हणून हिरव्या गटाला ओपीडीत बसवावे लागते. मात्र तिथे अनुभवी सिस्टर हवीच, कारण स्फोटाच्या दाबाने फुप्फुसाला झालेली इजा कधीकधी उशिरा उघड होते.

सर्वांत जोखमीचे काम मला ओळख जपण्याचे वाटते. बेशुद्ध रुग्णाच्या मनगटावर क्रमांक बांधायचा आणि केसपेपर, रक्ताची नळी, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसची) नोंद, कपड्यांची पिशवी या सगळ्यांवर तोच क्रमांक घालायचा. नुसते 'अनोळखी पुरुष' लिहिलेल्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली, तर चुकीच्या गटाचे रक्त चढू शकते. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, तेव्हा जखमी अनेक रुग्णालयांत विखुरले गेले आणि नातेवाईक एकेक रुग्णालय पालथे घालत राहिले. फलकावरची यादी अचूक असणे त्यांच्यासाठी उपचारांइतकेच महत्त्वाचे होते.

कधी संकट रुग्णालयातच शिरते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी घुसले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डचे दरवाजे बंद करून 20 गर्भवतींना टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत हलवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहापर्यंत पोहोचवले तेही त्यांनीच.