आधी पश्चिमेची भिंत बघ

पहिलीच ऑफिस बिल्डिंग डिझाइनला हातात आलीये ना? मग एसीची कोटेशन्स मागवण्याआधी एप्रिलमधल्या दुपारी चार वाजता प्लॉटवर जाऊन उभा राहा. पुण्यात बाणेरला पश्चिमेकडे नुसती काच असलेल्या इमारतीत मी तीन वर्षं बसलोय. पडदे दिवसभर ओढलेले, आत ट्यूबलाइट चालू, एसी अठरावर. उजेडासाठी लावलेली काच, आणि उजेडच बंद! फार वाईट वाटायचं.

पश्चिमेचं ऊन तिरपं आत शिरतं, छज्जाला जुमानत नाही. तिथे उभ्या फिन, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या आडोशाच्या पट्ट्या दे, नाहीतर जिना, लिफ्ट, टॉयलेट त्या बाजूला ढकल. दक्षिणेला छज्जा उत्तम. उत्तरेला काच मोकळी ठेव. पण पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून तिथेही छोटा छज्जा हवाच.

गच्चीवर ऊन परतवायला पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. खिडक्या उघडणाऱ्या घे, आपल्याकडे उन्हाळ्यातही रात्री हवा गार होते. एवढं केलंस की एसीचं टनेज, म्हणजे लागणारी क्षमता, आपोआप घटतं. ग्रिडच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा हिशोब युनिटमध्येच मांड. ईसीबीसी, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीची सरकारी संहिता, तिची चालू आवृत्ती वाचून ठेव, आणि सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढलास की घेऊन ये.